गावाच्या आरोग्याचे निर्देशक कसे ठरवावेत?

निर्देशक, म्हणजे आरोग्याची स्थिती दाखवणारा आकडा, निवडण्यापूर्वी त्यावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे आशाताई, अंगणवाडी सेविका आणि गावकरी यांनी मिळून ठरवावे. ज्या आकड्याने काहीच बदलणार नाही, तो गोळा करण्यात श्रम दवडू नयेत.

खरे अवघड काम छेदाचे, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची ती ठरवण्याचे, असते. बीड, धाराशिव जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. डिसेंबरातील सर्वेक्षणात कुलूपबंद घरे वगळली गेली, तर ज्या मुलांच्या लसी चुकण्याचा आणि ज्या स्त्रियांची प्रसूतिपूर्व तपासणी राहून जाण्याचा संभव अधिक, तीच माणसे हिशेबाबाहेर राहतात आणि टक्केवारी मात्र देखणी दिसते. म्हणून गणना पावसाळ्यात करावी आणि स्थलांतरितांचे आकडे वेगळे मांडावेत.

लहान गावासाठी अर्भक मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या, वापरू नये. वर्षाला 30 जन्म होणाऱ्या गावात एक बाळ दगावले, तरी दर हजारी 33 होतो आणि पुढील वर्षी कदाचित शून्यावर येतो. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर, तीन वर्षांचे आकडे एकत्र करून काढावा. गावासाठी गर्भवतींमधील रक्तक्षयाचे, म्हणजे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर 11 ग्रॅमपेक्षा कमी असणाऱ्यांचे, प्रमाण अधिक उपयोगी ठरते.

स्वास्थ्य केवळ आजारांवरून मोजता येत नाही. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे; एप्रिल-मेमध्ये तितके पाणी किती घरांना मिळते आणि ते आणण्यात किती वेळ जातो, हे कर्त्या पुरुषाला नव्हे, पाणी भरणाऱ्या बाईलाच विचारावे.