डेबियनमधली नको असलेली ॲप्स काढताना: माझा अनुभव

पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेला जुना लॅपटॉप, ६४ जीबीची एसएसडी, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि ग्नोम हा डेस्कटॉप. गाण्यांचा ऱ्हिदमबॉक्स आणि ईमेलचा इव्होल्यूशन नको होते. ऱ्हिदमबॉक्स काढायला गेलं की काय काय निघणार त्या यादीत ‘ग्नोम’ या पॅकेजचंही नाव दिसतं. घाबरू नका. ते मेटापॅकेज आहे, म्हणजे कोणती पॅकेजं हवीत याची नुसती यादी. ते गेल्याने डेस्कटॉप जात नाही. खरा घोळ पुढे होतो. ते मेटापॅकेज गेलं की त्याच्यामुळे आलेली बाकीची पॅकेजंही अनाथ ठरतात आणि ‘ऑटोरिमूव्ह’ ही सफाईची आज्ञा त्यांना सरसकट झाडून नेते.

म्हणून आधी टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल ग्नोम-कोअर’ द्या, म्हणजे ग्नोमचा मूळ भाग मुद्दाम ठेवलेला मानला जातो, अनाथ ठरत नाही. त्याच आज्ञेत ठेवायच्या बाकीच्या ॲप्सची नावंही जोडा. मग ‘ॲप्ट रिमूव्ह --सिम्युलेट ऱ्हिदमबॉक्स’. यात काहीच काढलं जात नाही, फक्त काय जाईल ते दिसतं. यादी शेवटपर्यंत वाचा. लोहित देवनागरी फॉन्ट किंवा आयबस (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्राम) त्यात असेल तर थांबा, नाहीतर मराठी वाचण्या-टाइपण्याची बोंब.

इव्होल्यूशन बिनधास्त काढा, पण ‘इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर’ला हात लावू नका. ग्नोम-शेल त्यावरच अवलंबून आहे. तो काढला तर डेस्कटॉपच जाईल.

‘रिमूव्ह’ऐवजी ‘पर्ज’ दिलं तर ॲपच्या सिस्टीममधल्या सेटिंग्जही जातात, होम फोल्डरमधल्या नाहीत, त्या हाताने काढाव्या लागतात. जागा हवी असेल तर ‘सुडो ॲप्ट क्लीन’ही चालवा, डाउनलोड झालेल्या पॅकेजफाइली बऱ्याच साठतात. बंद असलेलं ॲप रॅम खात नाही, त्यामुळे लॅपटॉप पळायला लागेल ही आशा ठेवू नका.