जुन्या पिकअपचं कूलंट घरीच बदलताय? मग या चुका टाळा

भिवंडीहून माल भरून नाशिकला परत येत होतो. आदल्या रविवारीच अंगणात स्वतःच्या हाताने कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बदललेलं, त्यामुळे निर्धास्त. कसारा घाट अर्धा चढलो तेव्हा टेंपरेचरचा काटा वर सरकला आणि मग एकदम खाली आला. म्हटलं, चला, गार झाली गाडी. दोन वळणं पुढे जातो न जातो तोच बॉनेटच्या फटींतून वाफ. इंजिनात हवा अडकली होती आणि सेन्सर पाण्याबाहेर राहिल्यामुळे काटा खोटं बोलत होता. चढावर काटा असा अचानक पडला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची असते, हे हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचं) बिल भरून शिकलो.

कूलंट ओतणं हे या कामातलं सगळ्यात सोपं. घोळ होतो तो आत काय उरलंय ते न पाहिल्याने. जुनं पाणी उरतं, क्षार उरतो, हवा उरते.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?"

हे वाक्य गॅरेजवर चहा पिताना हमखास ऐकू येतं. निफाडला थंडी कितीही कडक पडली तरी रेडिएटर काही गोठत नाही, मग नळाचं पाणी चालतंय की, असा हिशेब. पण आपल्याकडे कूलंट लागतं ते गंज आणि उकळी थोपवायला. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट घातलं की ही उकळी आठ-नऊ अंश लांबते. शिवाय रेडिएटरच्या कॅपवर ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) असा आकडा असेल, तर तेवढा दाब धरल्यामुळे आणखी वीसेक अंश मिळतात. अर्थात कॅपचं आतलं रबर शाबूत असेल तर. माझ्या कॅपचं रबर नखाने दाबलं तर पापडासारखं तडकलं. कूलंट नवं आणि कॅप जुनी, असं करू नका.

पाण्याचंही तसंच. आमच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरं पुट चढतं. तेच पुट मला रेडिएटरच्या तोंडाशी दिसलं, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावं लागलं. बारीक नळ्यांत हेच बसलं की बाहेरून रेडिएटर कितीही धुवा, गाडी तापतेच. शेवटचं धुणं आणि मिश्रण डिस्टिल्ड वॉटरनेच करा. बॅटरीवाल्याकडे ५ लिटरचा कॅन मिळतो, फक्त पाण्याऐवजी अ‍ॅसिडचा कॅन उचलत नाही ना, ते लेबल वाचून बघा.

मापात होणारी चूक

रेडिएटरखालचा कॉक सोडला की सगळं कूलंट निघालं असं वाटतं. निघत नाही. इंजिन ब्लॉकमध्ये बरंच राहतं. समजा गाडीत एकूण ८ लिटर मावतं आणि खाली ५ लिटरच आलं, तर ३ लिटर जुनं आतच आहे. पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर तिथे ३ लिटर पाणी उरतं. आता वरून ५ लिटर तयार मिक्स (निम्मं पाणी घालूनच मिळणारं कूलंट) ओतलंत, तर ५०:५० कुठलं? ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, एक तृतीयांशाच्याही खाली येतं. म्हणून धुतलेल्या गाडीत मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट, वापरतो. एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे ४ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, मग वर येईपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. ब्लॉकलाही एक बोल्ट असतो, तो सुटला तर हा हिशेबच नको. पण वीस वर्षांचा गंजलेला बोल्ट पाना लावून पिळू नका, तुटला तर रविवारचं काम महिनाभर चालेल.

उलट चूकही होते. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. पाण्याइतकी उष्णता ग्लायकॉल वाहून नेत नाही.

रंग बघून कूलंट निवडणं तर सोडूनच द्या. हिरवा, लाल, निळा हा कंपनीने घातलेला रंग असतो, आतलं रसायन वेगळं असू शकतं. न जुळणारी दोन कूलंट मिसळली तर गाळ, कधी जेलीसारखा लगदा होतो. आधी कोणतं होतं ते माहीत नसेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

हवा काढल्याशिवाय बॉनेट लावू नका

मी घाटात फसलो ते इथेच. गाडीचं नाक चढाकडे करून लावा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येईल. हीटर असेल तर पूर्ण गरमवर. सावकाश भरा, इंजिन गार असतानाच वरचा होज पाईप हाताने चार-पाचदा दाबा, बुडबुडे येतील. मग कॅप न लावता चालू करा. डिझेल इंजिन उभ्या उभ्या लवकर तापत नाही, वीस-पंचवीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडला की पातळी खाली जाते, तेवढं भरून कॅप लावा. गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवा, पंखा बेल्टवर फिरतोय.

वरचा पाईप चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट अडकलाय, हवा आहे किंवा रेडिएटर तुंबलाय. बुडबुडे अर्ध्या तासानंतरही थांबत नाहीत, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतात, तर गॅस्केट तपासून घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर असेल तर संशय आणखी पक्का. थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत मात्र थोडासा थर नुसत्या दमटपणानेही येतो, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर लगेच घाबरू नका.

"थर्मोस्टॅट काढूनच टाक" हा सल्ला तर मिस्त्रीसुद्धा देतात. थंडीच्या दिवसांत इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त जातं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं, म्हणजे गाडी उलट तापते.

तापलेल्या गाडीची कॅप उघडायची नाही, वरचा पाईप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत. घाई करून गरम ब्लॉकवर गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. थोडंसंच पोटात गेलं तरी घातक, लहान मुलाने प्यायलं तर थेट दवाखाना. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल देता त्या गॅरेजवाल्याला घेतो का विचारा.

कूलंट बदलल्यावर पहिली फेरी घाटाची नको. पिंपळगावच्या मार्केटला जाऊन या, सपाट रस्ता आहे. रिझर्व बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बोटभर उतरलेली दिसली तर भरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरली, तर गाडीखाली पुठ्ठा टाकून डाग कुठे पडतो ते बघा.