जुन्या घरात आधी सॉकेटचं तिसरं भोक तपासा

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमध्ये वायरिंगची कामं करतो. बहुतेक घरांत पहिली मागणी एकच: ‘किटकॅट काढा, एमसीबी बसवा.’ म्हणजे जुने चिनी मातीचे फ्यूज काढून, करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारे स्विच लावा. बसवतो. पण एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवते. शॉक बसला तर १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून सुरुवात अर्थिंगपासून करा, म्हणजे वस्तूच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेपासून. सॉकेटचं तिसरं, मोठं भोक तिचंच. पूर्वी अर्थिंगची तार सर्रास नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. पुढे प्लंबरने पाइप प्लास्टिकचे केले आणि अर्थिंग गेलं, घरात कुणाला कळलंही नाही. तीन पिनांचा सॉकेट भिंतीवर तसाच दिमाखात.

वायरमनला समोर उभं राहून तपासायला लावा. आधी घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा, कारण अर्थची तार तुटलेली असेल तर चाचणीच्या वेळी फ्रिज-मशीनच्या पत्र्यातही करंट येतो. मग त्याने टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, फेज (करंट आणणारी तार) आणि अर्थमध्ये लावायचा. नुसता टेस्टर इथे कामाचा नाही. दिवा मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर अर्थिंग नाही. लख्ख पेटला तरी हुरळू नका. मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा. आत न्यूट्रलवरून (करंट परत नेणारी तार) अर्थच्या पिनेला छोटासा वायरीचा तुकडा जोडलेला सापडतो. ही शुद्ध लबाडी. मागे कुठे न्यूट्रल सुटली की वॉशिंग मशीनचा पत्रा थेट २३० व्होल्टवर. असा तुकडा दिसला तर आधी तो काढा. अंगण असेल तर नवा अर्थिंगचा खड्डा घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा.

दुसरी खोड जुन्या लाकडी बोर्डांची: फेजलाही फ्यूज, न्यूट्रललाही फ्यूज. न्यूट्रलचा उडाला की दिवे जातात आणि माणूस ‘लाइट गेली’ म्हणून होल्डरला हात घालतो. फेज तिथे जिवंत असते. न्यूट्रलचा फ्यूज काढून ती सरळ जोडून घ्या, आणि मेन स्विच फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा.

लाकडी पट्टीतली सुती वेष्टनाची रबरी वायर दुरुस्त करत बसू नका. वाकवली की रबराचा भुगा होतो. दिव्यांना १.५, पॉवर प्लगला २.५ आणि गीझर-एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा. पैसे कमी असतील तर आधी मोरी आणि स्वयंपाकघर. ओलावा तिथेच.

शेवटी मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर झिरपला की लाइन तोडणारा स्विच. शॉक बसताच तोडते ती ही. जुन्या घरात बसवली की बऱ्याचदा लगेच पडते, म्हणजे आपोआप बंद होते, मुख्यतः पावसाळ्यात. ओल्या भिंतीतून करंट झिरपतो, नाहीतर न्यूट्रल कुठेतरी अर्थला भिडलेली असते. एकेक सर्किट सुटं करून दोष शोधायला वेळ लागतो, त्याची मजुरी द्या. ‘आरसीसीबीच खराब आहे, बायपास करू’ म्हणणारा वायरमन मात्र बदला. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर ती बदलायची.