केसाएवढ्या रेघेचा हिशेब: बोदोनी आणि दिदो वळणाची अक्षरे वापरताना

रोमन लिपीच्या ज्या टाइपफेसमध्ये उभे दंड भरदार आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा केसासारख्या बारीक असतात, तो निवडताना आधी त्या बारीक रेघेचा हिशेब करावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फर्मँ दिदो आणि पार्मामध्ये जाम्बात्तिस्ता बोदोनी यांनी हे वळण घडवले. रुंद टोकाच्या लेखणीमुळे अक्षराला येणारा तिरकस जाड-बारीकपणा त्यांनी काढून टाकला, सगळे वजन उभ्या दंडात आणले आणि सेरिफ, म्हणजे दंडाच्या टोकाची छोटी आडवी रेघ, म्हणून दंडाला जवळजवळ काटकोनात टेकलेली सपाट, पातळ रेघ ठेवली. गुळगुळीत कागद मिळू लागला होता, म्हणूनच अशी रेघ छापणे शक्य झाले.

ही रेघ फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजता येते. समजा, अक्षर ज्या १००० एककांच्या चौकटीत आखतात, तीत ती २० एककांची भरली. मग १६ पिक्सेलच्या मजकुरात तिच्या वाट्याला ०.३२ पिक्सेल येतो, पडदा तिला फिकट करडी करून दाखवतो आणि नुसते दंड कुंपणाच्या खांबांसारखे डोळ्यांत भरतात. तिला पुरता एक पिक्सेल मिळायला अक्षरे ५० पिक्सेलची हवीत. त्यामुळे मथळा, मुखपृष्ठ, नाममुद्रा किंवा निमंत्रणपत्रिका ही या वळणाची हक्काची जागा आहे. तळटीप किंवा सूचनाफलक नव्हे. ठळक वजन घेऊनही अडचण सुटत नाही, कारण त्यात बहुधा दंडच फुगतात, बारीक रेघ जवळपास तशीच राहते आणि तफावत उलट वाढते.

लहान आकारात हेच वळण हवे असेल, तर त्या आकारासाठी स्वतंत्रपणे रेखाटलेला कट, म्हणजे त्याच टाइपफेसची निराळी आवृत्ती, घ्यावा. स्वतः बोदोनीनेही वेगवेगळ्या आकारांचे ठसे वेगवेगळे कापले होते, आणि १९९४ च्या ‘आयटीसी बोदोनी’ या टाइपफेसमध्ये ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे एकक) तीन निराळी रेखाटने आहेत. मोठ्या मथळ्यात अक्षरांमधले अंतर किंचित आवळावे, लहान मजकुरात सैल सोडावे. सोबतच्या मजकुराला कमी तफावतीचा, शांत टाइपफेस द्यावा. त्याच धाटणीचा दुसरा सेरिफ टाइपफेस शेजारी आला की दोन्ही एकमेकांची नक्कल वाटू लागतात.

छपाईत गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवल्यास भोवतालची शाई पसरून बारीक रेघा बुजवते, आणि चार रंगांच्या मिश्रणात त्या ठिपक्यांमध्ये तुटतात, तेव्हा एकाच रंगाची सलग शाई वापरावी. काम छापायला देण्यापूर्वी प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष आकारात नमुना काढून तो हातभर अंतरावरून वाचावा. रोमन लहान ‘ई’ची (e) आडवी रेघ पुसट होऊन ते अक्षर ‘सी’ (c) वाटू लागले, तर आकार वाढवावा किंवा कट बदलावा.