घरी रोमन ब्लाइंड शिवताय? या चुका टाळा

रोमन ब्लाइंड, म्हणजे आत आडव्या सळ्या असलेला आणि दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा खिडकीचा पडदा. त्यात नुसत्या सरळ शिलाया. झालर नाही, चुण्या नाहीत. ज्याला उशीचा अभ्रा शिवता येतो त्याला हाही जमायला हवा. तरी घरी शिवलेले बरेच ब्लाइंड खिडकीवर चढले की तिरके लोंबतात आणि बोल मशीनला लागतो. घोटाळा सहसा माप घेताना नाहीतर कापताना झालेला असतो, उघडा पडतो तो शेवटी.

माप एकदाच घेणं

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी मोजा, तीही स्टीलच्या टेपने. शिवणाची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. नाशकातल्या गंगापूर रोडचा नवा फ्लॅट असो की पंचवटीतलं जुनं घर, खिडकीचे कोपरे काटकोनात असतील असं गृहीत धरू नका. चौकटीच्या आत बसवायचा तर सर्वांत कमी माप घेऊन त्यातून १ सेंमी वजा करा. भिंतीवर बसवायचा तर दोन्ही बाजूंना ५ ते ७ सेंमी वाढवा, नाहीतर एप्रिलचं पश्चिमेचं ऊन फटीतून बरोबर टीव्हीवर येतं. वाड्यातल्या खिडकीची दारं आत उघडत असतील, तर चौकटीतला ब्लाइंड विसरा. स्लायडिंगला ती अडचण नाही.

स्लायडिंगची अडचण रुंदीची. पडद्याच्या कापडाचा पन्हा सहसा ४८ किंवा ५४ इंच, आणि हॉलची खिडकी सहा फूट. मध्येच जोड देण्यापेक्षा शेजारी शेजारी दोन ब्लाइंड करा. ओढायला हलके जातात आणि एक खाली, एक वर ठेवता येतो.

कोरं कापड तसंच कापणं

मेन रोडवरून कापड आणलं की थेट कात्री लावायचा मोह होतो. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे दीड मीटरमागे साडेचार ते साडेसात सेंमी. अस्तराला मांजरपाट घेतलात तर तो त्याहून जास्त आटेल. पुढचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं की ब्लाइंडच्या कडा पापडासारख्या वळतात, आणि मग इस्त्रीचा उपयोग नाही. दोन्ही रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं लेपाचं अस्तर मात्र भिजवू नका आणि त्याच्या लेपाच्या बाजूला इस्त्री लावू नका. त्यात टाचण्याही नकोत, भोकं राहतात आणि उन्हात ताऱ्यांसारखी चमकतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

दुकानदार कापड फाडून किंवा कापून देतो, ती कड सरळ असेलच असं नाही. एक आडवा धागा ओढून त्या रेषेवर कापा. कापून झालं की दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर तो तुकडा काटकोनात नाही, आणि ब्लाइंड एका बाजूला झुकणारच. छापील कापडात नक्षीच धाग्याला तिरकी छापलेली असू शकते, म्हणून घेताना घडी उलगडून पाहा. तिरकं असलं तर सोडून द्या, कितीही आवडलं तरी.

सळ्या अंदाजाने टाकणं

सर्वांत जास्त ब्लाइंड इथे बिघडतात. उंचीचे सारखे भाग पाडले की ओढल्यावर खालची पट्टी घड्यांच्या खाली लांब लोंबते. सर्वांत खालचा भाग बाकीच्यांच्या निम्मा हवा. समजा तयार उंची १४० सेंमी आणि सळ्या चार. वर, दोऱ्या ओवायच्या कड्यांसाठी, ५ सोडा. उरलेल्या १३५ ला साडेचारने भागा : ३० आले. म्हणजे खालची पट्टी १५ ची आणि तिच्यावर ३० चे चार भाग. सळ्या खालून १५, ४५, ७५ आणि १०५ सेंमीवर येतात.

सळीची खोळ कापड खाते, हे हटकून विसरलं जातं. अस्तरात अडीच सेंमीची खोळ घातली तर प्रत्येक खोळीला ५, चार खोळींना २० सेंमी अस्तर जादा लागेल, वरखालची दुमड वेगळी. आधी अस्तरावर खोळी शिवा, मग ते पुढच्या कापडाला जोडा. अस्तर रुंदीला थोडं कमीच ठेवा, म्हणजे पुढून डोकावणार नाही.

लोखंडी सळी स्वस्त पडते, पण नाशकातल्या पावसाळ्यात तिचा गंज कापडावर उतरतो आणि डाग जात नाही. फायबर नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची घ्या. तळाला चपटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवीच. जून-जुलैत वारा सुटला की हलका ब्लाइंड ग्रिलवर आपटत राहतो.

टाके आणि मशीन

जाड कापडाला १६ नंबरची सुई आणि ३ ते साडेतीन मिमीचा टाका लावा. खालून धाग्याच्या गुंतवळ्या निघत असतील तर बॉबिन काढत बसू नका, आधी वरचा धागा पुन्हा ओवा. पॉलिस्टर धागा वापरा, नायलॉनचा उन्हाने लवकर कमजोर होतो. दोन्ही बाजूंच्या शिलाया वरून खाली, एकाच दिशेने घाला. एक खाली आणि एक वर अशी घातली की दोन थर उलटसुलट सरकतात, अंगाला पीळ बसतो.

खाली सरळ, ओढला की तिरका

इथे शिवण उसवू नका, दोऱ्या पाहा. त्या ब्लाइंडच्या मागे सळ्यांच्या खोळींवर शिवलेल्या रिंगांतून वर जातात. दोरी फक्त सर्वांत खालच्या रिंगला गाठ मारून बांधायची, बाकीच्यांतून ती मोकळी सरकली पाहिजे. मधल्या रिंगला गाठ बसली असेल तर तिच्याखाली घडी पडणारच नाही. रिंगांच्या रांगांमध्ये ३० ते ४० सेंमी अंतर ठेवा, त्याहून जास्त झालं की मधलं कापड झोळीसारखं लोंबतं. ब्लाइंड पूर्ण खाली सोडून सगळ्या दोऱ्या सारख्या ताणात धरा आणि मगच एकत्र बांधा.

घरात लहान मूल असेल तर लोंबती दोरी ठेवूच नका. गळ्यात अडकून जीव गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. भिंतीवर जमिनीपासून दीड मीटरच्या वर आकडा ठोका, ओढल्यावर दोरी त्याला गुंडाळा, आणि खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची ठेवू नका. मुलांच्या खोलीत दोरीचा ब्लाइंड न लावता साधा पडदाच लावा.