‘ब्रेक’चा अर्थ लावताना आधी शेजारी बघा

मोठ्या वयात इंग्रजी शिकायला माझ्याकडे जे येतात, त्यांच्या वहीत ‘ब्रेक म्हणजे तोडणे’ ही ओळ हमखास असते. ती मी पहिल्याच दिवशी खोडायला लावते. मराठीत तरी आपण सगळं कुठे तोडतो? दोरी तुटते, काठी मोडते, काच फुटते. या तिन्हींना इंग्रजीत एकच ब्रेक पुरतं. म्हणून वहीत तोडणे, मोडणे, फोडणे हे तिन्ही लिहा. जोडीला तुटणे आणि फुटणेही लिहा, कारण ‘आय ब्रोक द ग्लास’ आणि ‘द ग्लास ब्रोक’ या दोन्हींत क्रियापद तेच राहतं, आपण मात्र एकदा ‘फोडला’ म्हणतो, एकदा ‘फुटला’.

मग शेजारचं नाम बघा. शब्द, कायदा, सवय, विक्रम, संप हे सगळं आपण मोडतो, आणि तिथे ब्रेक बिनधास्त चालतं. मोठी नोट मोडायची तरी ब्रेकच. फुटण्याच्या बाजूला तर दोन्ही भाषा इतक्या जवळ येतात की शिकवताना मला दर वेळी आनंद होतो. ‘डे ब्रेक्स’, तांबडं फुटतं. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो, तिथेही ब्रेक. लाट फुटते, कोंडी फुटते, तिथेही तेच.

उलट दिशेने येताना मात्र जपून. फुगा आणि टायर फुटतात तेव्हा ‘बर्स्ट’ म्हणा, परीक्षेचा पेपर फुटतो तेव्हा ‘लीक’. शर्ट फाटला तर ‘टेअर’, फूल तोडलं तर ‘पिक’. ‘ब्रेक अ फास्ट’ म्हणजे उपवास सोडणे, मोडणे नव्हे. ब्रेकफास्ट हा शब्द त्यातूनच आला. आणि ‘ब्रेक द न्यूज’ म्हणजे बातमी फोडणे असं समजू नका. एखाद्याला बातमी, बहुतेकदा वाईट, पहिल्यांदा आणि सांभाळून सांगायची असते तेव्हा हे वापरतात. त्यात गुपित बाहेर काढण्याचा भाव नाही.

आता मागे चिकटणारे छोटे शब्द. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘ब्रेक आउट’ म्हणजे एकदम उद्भवणं: युद्ध भडकतं, साथ सुरू होते, दरदरून घाम फुटतो. तुरुंग फोडून पळणंही त्यातच येतं. ‘ब्रेक इन’ आणि ‘ब्रेक इंटू’ म्हणजे घरफोडी, पण ‘ब्रोक इंटू अ रन’ म्हणजे पळत सुटला. नवे बूट पायाला रुळवण्यालाही ‘ब्रेक इन’च म्हणतात. ‘ब्रेक अप’ म्हणजे नातं तुटणं किंवा जमाव पांगणं.

‘ब्रेक डाउन’साठी ही दोन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहा: ‘शी ब्रोक डाउन’ आणि ‘शी ब्रोक इट डाउन’. पहिल्यात कर्म नाही: तिला रडू कोसळलं. कर्ता गाडी असती तर ती बंद पडली असती. दुसऱ्यात ‘इट’ आलं आणि अर्थच पालटला: तिने फोड करून सांगितलं. खर्चाची फोड, अवघड गणिताची फोड. ‘इट’ दार असेल तर तिने ते तोडलं. हे ‘इट’ नेहमी मधेच बसतं; ‘ब्रोक डाउन इट’ कधीही म्हणू नका.

ब्रेक–ब्रोक–ब्रोकन ही रूपं पाठच करावी लागतात. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेलं क्रियापद आहे, ‘एड’ लावून भागत नाही. त्यातही ‘आय अ‍ॅम ब्रोक’ म्हणजे मी कफल्लक आहे, आणि ‘आय अ‍ॅम ब्रोकन’ म्हणजे मी मनाने खचलोय. पैशांची अडचण सांगायची असेल तर शेवटचा ‘न’ गाळा. गाडीचा ब्रेक हा वेगळाच शब्द. उच्चार तोच, पण स्पेलिंग ‘केई’वर संपतं.

शेजारी बघूनही उकलत नाहीत असे वाक्प्रचार थोडेच आहेत, ते सरळ पाठ करा. ‘ब्रेक इव्हन’ म्हणजे ना नफा ना तोटा. ‘ब्रेक द आइस’ म्हणजे अनोळखी माणसांतलं अवघडलेपण घालवणं. ‘ब्रेक अ लेग’ ही रंगमंचावर जाणाऱ्या कलाकाराला दिलेली शुभेच्छा. ज्याच्या पायाला खरोखर प्लास्टर आहे त्याला ती देऊ नका.