गावातली वीरगळ कशी वाचावी आणि तिची नोंद कशी करावी

सातारा-सांगलीकडच्या जुन्या गावात भैरोबाचं किंवा महादेवाचं देऊळ असेल, तर त्याच्या आवारात, पाराला टेकवलेली किंवा ओवरीच्या भिंतीत बसवलेली एखादी तरी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा, सापडतेच. वाई तालुक्यातल्या चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याच्या किकली गावात भैरवनाथाच्या देवळाभोवती त्या इतक्या आहेत की वाचायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. देवळांचे जीर्णोद्धार आता झपाट्याने होत आहेत. आवारात फरशी बसली की शिळेचा खालचा भाग गेलाच. म्हणून नोंद कामाच्या आधी व्हायला हवी.

वीरगळ खालून वर वाचतात. बहुतेक शिळांवर तीन ते पाच चौकटी असतात. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर कसा मेला ते दिसतं: आडवा पडलेला देह, समोर ढाल-तलवारवाले, कधी घोडेस्वार. तिथे एका रांगेत गाई कोरलेल्या असतील, तर गोधन राखताना किंवा सोडवताना मरण आलं असं समजावं. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. त्याच्या वर वीर हात जोडून शिवलिंगापाशी बसलेला, बहुधा शेजारी पुजारी किंवा नंदी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. वरच्या चौकटी गावोगाव जवळपास सारख्याच असतात. त्या माणसाची स्वतःची अशी हकिगत असते ती सगळी तळाला, आणि नेमकी तीच मातीत किंवा काँक्रीटखाली जाते. कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दिसला तर ती सतीशिळा. तिची नोंद वेगळी ठेवा.

बेसाल्टवरचं झिजलेलं कोरीव काम भर दुपारी सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा मावळतीला ऊन तिरपं पडतं, तेव्हा जा. शिळा सावलीत असेल तर आरशाने ऊन वळवून एका कडेने पाडा. सगळ्यात चांगलं म्हणजे अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर, १०-१५ अंशांवर धरून चारही बाजूंनी एकेक फोटो घ्यायचा. दिवसा न दिसलेलं घोड्याचं खोगीर, धनुष्याची दोरी, अक्षरांची ओळ अशी वर येते. अक्षरं दिसावीत म्हणून पीठ, खडू, हळद किंवा चुना चोळू नका. पिठाला मुंग्या आणि बुरशी लागते, खडू चरांत बसून राहतो, आणि घासताना आधीच सुटत आलेला पापुद्रा निघून येतो.

साफसफाई शक्य तेवढी कमी. माती मऊ कोरड्या ब्रशने झाडा, चरातली बांबूच्या काडीने काढा, फार तर साधं पाणी. तारेचा ब्रश, साबण आणि फरशी धुवायचं ॲसिड अजिबात नको. ऑइलपेंट दिलेली वीरगळ स्वतः खरवडायला घेऊ नका. रंगाखाली ओल कोंडते आणि रंगाचा पोपडा निघताना दगडाची कातही घेऊन येतो. तो रंग जाणकार संवर्धकानेच काढायचा. शेंदूर लावलेल्या शिळेला तर हातच लावायचा नाही. गावासाठी तो म्हसोबा किंवा वीर आहे, आणि हे नावसुद्धा नोंदवहीत जायला हवं. गुरव आणि जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.

फोटो शिळेच्या मध्याच्या उंचीवरून, समोरून काढा. मोबाईलची वाइड लेन्स कडा फाकवते. थोडं मागे सरकून २एक्स झूम वापरा. दगडाच्या पातळीतच, पण दगडाला न चिकटवता, सेंटिमीटरची पट्टी ठेवा. आधी पूर्ण शिळा, मग प्रत्येक चौकट, मग दोन्ही कडा आणि पाठ. त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर सभोवार फिरत ४०-६० फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा दोन-तृतीयांश भाग यावा.

वहीत गाव, तालुका, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, तोंड कोणत्या दिशेला, जमिनीवरची उंची-रुंदी-जाडी, चौकटींची संख्या आणि खालपासून प्रत्येकात काय दिसतं ते लिहा. जे दिसतं तेवढंच लिहा. काळ मात्र घाईने ठरवू नका. या भागातल्या बऱ्याच वीरगळी शिलाहार-यादव काळातल्या मानल्या जातात, पण प्रथा नंतरही चालू राहिली आणि बहुतेकींवर लेख नसतो. ‘पांडवकालीन’, ‘शिवकालीन’ असे शिक्के मारले की पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होते. लेखात शक सापडला तर ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. म्हणजे शके ११३५ हे इ.स. १२१३-१४. ओल्या कागदावर ब्रशने ठोकून शाईचा ठसा घेण्याची पद्धत आहे, पण ठिसूळ दगडावर ती करू नये. तिरप्या उजेडातले फोटो लिपी वाचणाऱ्याला बहुधा पुरतात. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे द्या. शिळा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत असेल तर परवानगीशिवाय काहीच करता येत नाही.

जीर्णोद्धारात शिळा हलवणं अगदीच टळत नसेल, तर आधी मूळ जागेवर दिशेसकट फोटो घ्या. जेसीबीच्या बकेटने किंवा साखळीने उचलू नका. पोती गुंडाळून रुंद पट्ट्याने उचला. पुन्हा उभी करताना सिमेंट नको, त्यातले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात. मुरूम आणि दगडांची पाचर देऊन ठोसून बसवा. वीरगळीच्या तळाशी सहसा न कोरलेला ओबडधोबड भाग सोडलेला असतो, तो जमिनीत पुरण्यासाठीच. तेवढाच पुरायचा, आणि नवी फरशी त्याच्या वर येणार नाही हे गवंड्याला आधीच खूण करून दाखवायचं.